जागलीची एक रात्र

वाघावर माझे प्रेम आहे, असे मी पुष्कळ वर्षे समजत आलो. हे प्रेम केव्हा जडले ते नक्की सांगता यावयाचे नाही. परंतु ते इतकी वर्षे टिकले कशामुळे, हे मात्र आता सांगता येते. त्याची आणि माझी कधी गाठ पडली नव्हती, एवढेच त्याचे कारण. दूरगावी राहणाऱ्या नातलगांविषयीची माया जशी वर्षानुवर्षे ताजी राहते, तशातलाच तो प्रकार होता. यवतमाळ शहरातल्या माझ्या घरी बैठकीच्या भिंतीवर एका पट्टेदार वाघाचे चित्र आहे. त्याखाली बसून मी चहा घेतो, वर्तमानपत्र वाचतो, आणि देशातील वाघांची संख्या वाढल्याचे वृत्त आले म्हणजे घरात पाळणा हलल्यासारखा मला आनंद होतो. २०१८ च्या गणनेत महाराष्ट्रात ३१२ वाघ असल्याचा अंदाज होता, २०२२ च्या गणनेत तो ४४४ वर गेला, हे आकडे मला मुखोद्गत आहेत. माझ्या आजोळच्या गावात विहिरी किती, असे कोणी विचारले तर मात्र मला बोटे मोजावी लागतील.

हे आजोळ राळेगाव आणि पांढरकवडा यांच्या मधल्या टापूत आहे. गावाचे नाव सांगण्याचे प्रयोजन नाही, कारण त्या बाजूची बहुतेक गावे एकाच वळणाची. काळी जमीन, तीत कापूस, तूर आणि अलीकडे सोयाबीन. गावाला वळसा घालून गेलेला नाला. नाल्यापलीकडे कोलामांचे पोड. आणि पोडाच्या पाठीशी साग, पळस, मोह, तेंदू यांचे रान. रान आणि वावर यांच्यामध्ये भिंत नाही. धुऱ्यावरची बोरीची आणि घाणेरीची झुडपे कोठे संपतात आणि जंगल खात्याची हद्द कोठे सुरू होते, हे तलाठ्याला नकाशावरून सांगता येईल. चितळाला, रानडुकराला, रोह्याला आणि वाघाला ते सांगता येणार नाही. त्यांना नकाशे वाचण्याची सवय नाही.

लहानपणी उन्हाळ्याच्या सुटीत मी तेथे जात असे. पांढरकवड्याच्या रस्त्यावर मोटार सोडली म्हणजे पुढचा प्रवास बंडीने. माझे आजोबा दिवेलागणीनंतर वाघाचे नाव कोणाला घेऊ देत नसत. घरातील बायका जशा धन्याचे नाव घेत नसत, तसेच ते. 'जनावर' म्हणावयाचे. "काल जनावर नाल्यावर पाणी प्यायला आलं होतं," असे कोणी ओसरीवर म्हटले की कोणते जनावर, असे विचारण्याचे धैर्य आम्हां पोरांना होत नसे, आणि तशी गरजही नसे. रानाच्या तोंडाशी शेंदूर फासलेला एक दगड होता. त्याला वाघोबा म्हणत. गुरे चारावयास नेताना गुराखी त्याला हात जोडी. त्या नमस्कारात भक्ती किती आणि विनंती किती, हा प्रश्न मला तेव्हा पडला नाही.

आजीचा वाघ मात्र निराळा होता. रानात वाघाने अडविलेली गाय त्याला म्हणते, माझे वासरू घरी भुकेले आहे, त्याला पाजून परत येते, मग तू मला खा. आणि ती खरोखरच परत येते. तिचा खरेपणा पाहून वाघाचे मन विरघळते आणि तो तिला सोडून देतो. ही गोष्ट महाराष्ट्रातल्या कोणत्या घरात सांगितली गेली नसेल? मला त्या गोष्टीतला वाघ फार आवडे. आता वाटते, माझ्या बैठकीच्या भिंतीवरचे चित्र त्याच वाघाचे आहे. आजोबा ज्याचे नाव घेत नसत, त्याचे ते नव्हे.

एकाच घरातले हे दोन वाघ माझ्या मनात सुमारे पन्नास वर्षे एकमेकांना न भेटता राहिले. २०१८ साली ते समोरासमोर आले.

त्याआधी दोन वर्षांपासून, म्हणजे २०१६ पासून, त्या टापूत माणसे मरत होती. कोणी गुराखी, कोणी शेतकरी, कोणी वावरात कामाला गेलेली बाई. हळूहळू तेरा मृत्यू एका वाघिणीच्या नावावर मांडले गेले. खात्याच्या कागदांत तिला टी-वन म्हणत. शहरांतल्या लोकांनी तिचे नाव अवनी ठेविले. आजोळच्या लोकांनी तिला काहीच नाव दिले नव्हते. त्यांच्या लेखी ती 'जनावर'च होती. तिला दोन बछडे होते. प्रकरण थेट सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले, आणि तिला मारण्याच्या हुकमात हात घालण्यास न्यायालयाने सप्टेंबर २०१८ मध्ये नकार दिला. मग तिच्या शोधासाठी काय काय झाले, ते वर्तमानपत्रांतून रोज येई. झाडांना कॅमेरे बांधले. आकाशातून पाहावयास उडते यंत्र आणले. तिला भुलविण्यासाठी विलायती अत्तर शिंपडण्याचीही कल्पना निघाली. हत्ती आणले, आणि त्यांतल्या एकाने साखळी तोडून एका निरपराध बाईचा जीव घेतला. अखेर २ नोव्हेंबरच्या रात्री राळेगाव तालुक्यातील बोराटी गावाजवळ ती गोळीने मारली गेली. ती गोळी कोणत्या परिस्थितीत आणि कोणते नियम पाळून झाडली, यावरून पुढे पुष्कळ वाद झाला. बछड्यांपैकी मादी डिसेंबरात पकडून पेंचच्या जंगलात नेली.

तिला मारू नये, अशा एका अर्जावर मी सही केली होती. सही म्हणजे तरी काय? मोबाइलच्या पडद्यावर एकदा बोट टेकवावयाचे. चहाचा पेला डाव्या हातात तसाच होता.

वसुबारस दोन दिवसांवर असताना ती मेली. दिवाळीला मी आजोळी गेलो. मामा आता नाहीत. शेती मामेभाऊ पाहतो. वाटेवरच्या गावांतून फटाके वाजत होते, आणि ते केवळ दिवाळीचे नव्हते हे मला कळत होते. त्याच आठवड्यात मोठ्या शहरांतून वाघिणीसाठी निषेधाच्या सभा आणि मिरवणुका निघाल्या. मी ओसरीवर टेकतो न टेकतो तोच मामेभावाने पेढ्यांचा पुडा पुढे केला. "घे," तो म्हणाला, "औंदा आमची दिवाळी दोन दिवस आधीच झाली."

मी पेढा घेतला. खाल्लाही.

दुसऱ्या दिवशी वावरात गेलो. पऱ्हाटीवर बोंडे फुटून लोंबत होती. कापूस वाऱ्याने भुईवर पडून मळला होता. वेचावयास बायाच आल्या नव्हत्या. ज्या आल्या त्या दहाबारा जणींच्या घोळक्याने, आणि धुऱ्यावर कोणी पुरुष काठी घेऊन उभा राहील तरच. मामेभावाचा जुना सालदार पोडात राहतो. वयाने सत्तरीच्या पुढचा, जातीने कोलाम. त्याला सगळे घर 'बाबा' म्हणते. त्याची सून त्या वर्षी दोन महिने कामाला गेली नव्हती. दोन महिने मजुरी नाही, हा हिशेब त्याने मला सांगितला नाही. मीच तो मनाशी केला. माझ्या सहीची वार्ता तेथे कोणाला नव्हती, आणि ती सांगावी असे मला वाटले नाही. पेढ्याची चव मात्र पुढे बरेच दिवस तोंडात राहिली.

मनात असा गुंता झालेला असतानाच पुढल्या वर्षी आणखी एका वाघाची हकीकत वाचनात आली. पांढरकवड्याच्या दक्षिणेस टिपेश्वरचे अभयारण्य आहे. टिपाई देवीवरून त्याला ते नाव पडले. १९९७ साली ते अभयारण्य म्हणून जाहीर झाले. त्याचे क्षेत्र दीडशे चौरस किलोमीटरही भरत नाही, आणि चोहो बाजूंना कापसाचा मुलूख. तेथे जन्मलेल्या एका तरुण नराच्या गळ्यात फेब्रुवारी २०१९ मध्ये शास्त्रज्ञांनी एक पट्टा बांधला. तो पट्टा ठरावीक वेळाने उपग्रहामार्फत त्याचा ठावठिकाणा कळवी. त्या वर्षीच्या जून महिन्यात हा वाघ घराबाहेर पडला. वाघाची पोरे दोन वर्षांची होत आली की आईपासून सुटतात; पुढे नराला आपले रान, आपली शिकार आणि आपली जोडीदारीण स्वतः शोधावी लागते. पैनगंगेच्या काठची राने, तेलंगणातील आदिलाबाद, नांदेड, हिंगोली, वाशीम, अकोला असे करीत डिसेंबरात तो बुलढाणा जिल्ह्यातल्या ज्ञानगंगा अभयारण्यात पोचला. नऊ महिन्यांत त्याची चाल तीन हजार किलोमीटरांवर भरली. भारतात नोंदली गेलेली वाघाची ही सर्वांत लांब पायपीट, असे सांगतात. पंढरीची वारी करणाऱ्यांच्या देशातही ही चाल थोडी नव्हे.

पट्ट्याने त्याच्या मुक्कामांची पाच हजारांवर ठिकाणे टिपली. त्यांतली पुष्कळशी शेतांची, नाल्यांची, सडकांच्या कडांची. दिवसा तो झुडपांत पडून राही, रात्री चाले. माणसांशी त्याचा प्रसंग म्हणावा असा एकच घडला. तो विसावलेल्या झुडपात लोकांचा घोळका शिरला, त्यात एक जण जखमी झाला. जखम जिवावरची नव्हती. बाकी इतक्या गावांच्या पांदणीतून, इतक्या निजलेल्या माणसांच्या उशाशेजारून तो गेला, आणि बहुतेकांना त्याची चाहूलही लागली नसावी. वर्तमानपत्रांनी त्याचे कोण कौतुक केले! मीही केले. मित्रांना कात्रणे दाखविली.

परंतु कात्रणे दाखविताना एक विचार मला टोचू लागला. वाघीण आणि हा वाघ, दोघेही एकाच जिल्ह्याच्या मातीतले. दोघांच्याही भोवती तेच कापसाचे वावर आणि तेच रानाचे तुकडे. तिला बछडे घेऊन तेथेच राहावयाचे होते. याला तेथून जावयाचे होते. ती खलनायिका ठरली, हा नायक ठरला. जाणाऱ्या पाहुण्याचे कौतुक करणे सोपे असते. राहणाऱ्याचे काय करावयाचे, हा प्रश्न ज्यांच्या घरी तो राहतो त्यांनाच सोडवावा लागतो. आणि मी तर ना जाणारा पाहिला होता, ना राहणारी.

२०२२ च्या मार्गशीर्षात काही कामाने मी आजोळी गेलो होतो. मामेभावाचा गुडघा धरला होता, आणि त्या आठवड्यात शेतीच्या पंपाला रात्रीची पाळी होती. शहरात राहणाऱ्या वाचकांस हे सांगितले पाहिजे की शेतीपंपाची वीज पाळीने येत असे: एक आठवडा दिवसा, तर एक आठवडा रात्री. वीज रात्री आली की ओलीतही रात्री करावे लागे; गहू काही दिवसाची वाट पाहत थांबत नाही. शिवाय रोही आणि डुकरे रात्रीच वावरात शिरतात, त्यामुळे जागल करावीच लागते. त्या रात्री एकटा बाबाच जाणार होता. "मीही येतो," असे मी म्हणून बसलो. वहिनी हसल्या. मामेभाऊ हसला नाही. त्याने आपली जाड घोंगडी मला दिली.

रात्री नवाच्या सुमारास आम्ही निघालो. वद्य पक्ष सरत आला होता, त्यामुळे चंद्र पहाटेआधी उगवणार नव्हता. बाबा पुढे, हातात काठी आणि विजेरी. मी मागे, शहरातले बूट घालून. विहिरीजवळच्या पांदणीत पंपाच्या नळातून गळलेल्या पाण्याने चिखल झाला होता. त्यात माझा बूट घोट्यापर्यंत रुतला. बाबा थांबला, मी पाय उपसला, आणि आम्ही पुढे गेलो. हा चिखल पुढे आठवावा लागणार आहे, म्हणून येथे नोंदवून ठेवतो.

चार बल्ल्यांवर बांधलेल्या मचाणावर आम्ही बसलो. दहा वाजता वीज आली. विहिरीवरचा पंप गुरगुरू लागला आणि गव्हाच्या दांडातून पाणी वाहू लागले. एक वाफा भरला की बाबा खाली उतरे, फावड्याने तोंड बंद करून पाणी दुसऱ्या वाफ्यात वळवी आणि पुन्हा वर येऊन तंबाखू मळू लागे. बोलणे फारसे नव्हते. थंडी हळूहळू हाडांपर्यंत पोचत होती. मी आकाशाकडे पाहत होतो. मार्गशीर्षात मृग नक्षत्र संध्याकाळीच उगवते आणि मध्यरात्री डोक्यावर येते. आजोबा घड्याळाऐवजी त्यावरच वेळ सांगत. चार पायांचा तो मृग, त्याच्या पोटात रुतलेला तीन ताऱ्यांचा बाण, आणि मागे धगधगणारा व्याध. किती हजार वर्षे ही पारध चालली आहे. हरिण पडत नाही, व्याध थकत नाही. दुरून पाहिलेल्या शिकारीत रक्त दिसत नाही, हे तेथे थंडीत कुडकुडताना मला जाणवले, आणि भिंतीवरचे चित्र आठवले.

बाण पश्चिमेकडे कलला असेल, म्हणजे दोनचा सुमार असावा. पोडातली कुत्री मघापासून भुंकत होती, ती एकाएकी गप्प झाली. नाल्याकडून एक टिटवी ओरडत उठली. मग रानाच्या कडेने चितळाचा तो तीक्ष्ण, तुटक आवाज आला. एकदा, थांबून पुन्हा, आणि मग झाडावरचे वानर खाकरले. मी बाबाकडे पाहिले. त्याने मळलेली तंबाखू तोंडात न टाकता डबीत परत ठेविली.

"जनावर," तो हलक्या आवाजात म्हणाला.

पन्नास वर्षांनी तो शब्द मी पुन्हा ऐकत होतो, आणि या वेळीही कोणते, असे विचारले नाही. बाबाने दोनदा मुद्दाम मोठ्याने खाकरून विजेरीचा झोत जमिनीवरून फिरविला. कोणालाही उद्देशून न बोलता, जणू सडकेवरून जाणाऱ्या ओळखीच्या माणसाला सांगावे तसा तो म्हणाला, "जाय बाप्पा, आपल्या वाटेनं जाय." आवाजात आर्जव नव्हते, की दरारा नव्हता.

मग त्याने काठी आणि फावडे उचलले आणि तो मचाणावरून उतरू लागला.

"कुठं चाललात?" मी विचारले. माझा आवाज मला ओळखू आला नाही.

"वाफा भरला. फुटीन ना." तो म्हणाला, "तुमी बसा. उजेड धरा फक्त."

मी उजेड धरला. माझे त्या रात्रीचे कर्तृत्व एवढेच. हात थरथरत होता, त्यामुळे वीतभर गव्हावर उजेड थरथरत होता आणि त्या उजेडात एक म्हातारा माणूस वाकून चिखलाने पाण्याचे तोंड बंद करीत होता. पाठ रानाकडे होती. पाच मिनिटे लागली असतील, दहा लागली असतील. मी मोजली नाहीत. वाघ पाहावयास मिळावा म्हणून लोक टिपेश्वरला पैसे भरून गाडीत बसतात. मीही बसलो आहे. त्या क्षणी तो दिसू नये म्हणून मी मनापासून प्रार्थना करीत होतो. वाघावरचे माझे सारे प्रेम मचाणाच्या चार बल्ल्यांच्या उंचीवर बसून होते.

बाबा वर आला. पाय ओले होते, ते त्याने गोणपाटाने पुसले. चितळाचा आवाज दूर गेला आणि थांबला. पोडातले एक कुत्रे पुन्हा भुंकू लागले, तेव्हा त्याने डबी उघडून तंबाखू तोंडात टाकली. मला राहवेना. चार वर्षे मनात असलेले बोलून गेलो.

"बाबा, त्या वाघिणीला मारू नका म्हणून मी सही केली होती."

तो बराच वेळ काही बोलला नाही. त्याला राग आला असावा, असे मला वाटले. येणे न्याय्यच होते. त्याची सून त्याच वावरातून जात-येत होती.

"सही कराले बलावलं असतं," तो अखेर म्हणाला, "त म्या बी आलो असतो."

मला नवल वाटले. "मारू नका म्हणून?"

"मारू नका म्हनून बी, अन् रातची लाईट दिवसा द्या म्हनून बी. येकाच कागदावर."

त्यावर मला काही उत्तर सुचले नाही. माझ्या अर्जात पहिले वाक्य मोठ्या अक्षरांत होते आणि त्याखाली सुंदर चित्र होते. दुसरे वाक्य त्यात नव्हते, आणि ते नाही हे सही करताना माझ्या ध्यानातही आले नव्हते. फटाके उडविणाऱ्यांचा मी मनातून धिक्कार केला होता. परंतु पाणी वळविण्याचे काम रात्रीऐवजी दिवसा झाले तर रानाच्या कडेला अंधारात माणूस वाकलेला राहणार नाही, एवढा साधा विचार मला कधी शिवला नव्हता. तो शिवावयास एक रात्र त्या मचाणावर काढावी लागली, आणि तीही दुसऱ्याच्या घोंगडीत.

सहा वाजता वीज गेली. पंपाची गुरगुर थांबली आणि इतकी शांतता पसरली की पानांवरून पडणाऱ्या दहिवराचा आवाज ऐकू आला. उजाडू लागले तसे आम्ही खाली उतरलो. विहिरीजवळच्या पांदणीत येताच बाबा थबकला. चिखलात माझ्या बुटाचा रात्रीचा ठसा होता, टाचेच्या नक्षीसकट. आणि त्याच्यावर, अर्धा त्याच्यात आणि अर्धा बाहेर, दुसरा एक ठसा होता.

ठशांविषयी मी वाचले होते. ओडिशातले वनाधिकारी सरोज राज चौधरी यांनी १९६६ साली पावलांच्या ठशांवरून वाघ मोजण्याची रीत काढली. ठशावर काच ठेवून त्याची आकृती उतरवून घेत. देशभर पुष्कळ वर्षे तीच रीत चालली. पुढे तिची जागा कॅमेऱ्यांनी घेतली. वाघ चालताना नखे आत ओढून घेतो, म्हणून त्याच्या ठशात कुत्र्यासारखी किंवा तरसासारखी नखांची टोके उमटत नाहीत. नराचा ठसा चौकोनाकडे झुकतो, मादीचा लांबट असतो. हे सारे मला ठाऊक होते. परंतु पुस्तकातल्या कोणत्याही ठशाच्या खाली माझा बूट नव्हता. चार बोटे, त्यांमागे गादीचा रुंद दाब, आणि त्या दाबात नुकतेच झिरपून आलेले चमचाभर पाणी. पाण्यात पहाटेचे आभाळ दिसत होते.

बाबाने खाली बसून ठशावर आपला पंजा धरला, टेकविला नाही. "नर हाय," तो म्हणाला. "घाईत नव्हता."

वाघ मी पाहिला नाही. मला वाटते, त्याच्याशी माझी खरी भेट झाली ती तेवढीच: तो जेथून गेला तेथून मी गेलो होतो, मी जेथून गेलो तेथून तो गेला, आणि दोघांच्या मध्ये काही तासांचे अंतर होते. त्या अंतरावरच दोघेही जिवंत होतो. आजीच्या गोष्टीत वाघाला गाईची दया येते. या वाघाला माझी दया आली असे मानण्यास काही आधार नाही; त्याला फक्त दुसरीकडे जावयाचे होते, आणि वाट मोकळी होती. वाट मोकळी ठेवणे, हेच त्या रात्री बाबाने केले होते. त्यासाठी त्याला वाघावर प्रेम करावे लागले नाही, की त्याचा द्वेषही करावा लागला नाही.

हात नकळत खिशाकडे गेला. मोबाइल काढला. एवढे छायाचित्र घेतलेच पाहिजे, असे वाटले; मित्रांना काय दाखवू! परंतु मी यंत्र समोर धरीपर्यंत बाबाने आपला अनवाणी पाय त्या चिखलावरून दोनदा फिरविला होता. त्याचा ठसा गेला आणि त्याबरोबर माझाही.

"बाबा, हे काय केलंत?"

"फोटू गावात गेला की लोकं येतीन," तो म्हणाला. "काठ्या घिऊन झुडपात शिरतीन. मंग त्याचं बी मरन, अन् आपलं बी."

मला तो झुडपात विसावलेला, तीन हजार किलोमीटर चाललेला वाघ आठवला, आणि त्या झुडपात शिरलेला लोकांचा घोळका आठवला. मोबाइल मी खिशात ठेविला.

वाटेत कापूस वेचावयास निघालेल्या बाया भेटल्या. त्यांना बाबाने काही सांगितले नाही असे नाही. "आज नाल्याकडं नोका जाऊ," तो म्हणाला, "गावाकडच्या तासाले लागा. अन् ऊन पडू द्या आधी." त्या एकमेकींकडे पाहून मुकाट्याने वळल्या. कोणी कारण विचारले नाही. पुढे जंगल खात्याच्या रखवालदाराला मात्र त्याने गाठून सारे सांगितले, हे मी पाहिले. जे ज्याला कळले पाहिजे ते त्याला कळले होते. त्या यादीत माझ्या मित्रांचे नाव नव्हते, एवढेच.

बैठकीतले चित्र मी काढून टाकलेले नाही. ते सुंदर आहे, आणि आजीच्या वाघावरचा माझा जीव आता या वयात कमी होणेही कठीण. परंतु वाघांविषयीचा एखादा अर्ज समोर आला की मी आता बोट टेकविण्याआधी तो शेवटपर्यंत वाचतो. त्यात दुसरे वाक्य आहे का, ते पाहतो. बहुधा नसते. मग अर्ज पाठविणाऱ्यांना मी एक पत्र लिहितो, आणि ते दुसरे वाक्य त्यात घालावे अशी विनंती करतो. सही मात्र अजून कोणत्याही अर्जावर नाकारलेली नाही. बाबाच्या कागदावरचे पहिले वाक्यही माझ्या ध्यानात आहे.

आम्ही घरी पोचलो तेव्हा वहिनी अंगणात सडा घालीत होत्या. माझ्या चिखलाने भरलेल्या बुटांकडे त्यांनी पाहिले, मग माझ्या चेहऱ्याकडे पाहिले.

"काय भाऊजी, दिसलं का काही?"

मी बाबाकडे पाहिले. तो हातपाय धूत होता, आणि त्याचे लक्ष पाण्याकडे होते.

"नाही," मी म्हणालो. आणि ते खोटेही नव्हते. दिसण्यासारखे तेथे काही उरलेच नव्हते.